पिंग लागतं, पण काट्याची नोंद पोचत नाही: कर्नलमधल्या चेकसमचा बिघाड कसा शोधायचा

गाळप सुरू झालं की वाळवा, पलूस, कडेगाव पट्ट्यातल्या वजनकाट्यांवरून एक तक्रार हमखास येते. काट्याचा इंडिकेटर सिरियल केबलने एका छोट्या एआरएम बोर्डला जोडलेला असतो आणि बोर्ड ते वजन यूडीपी किंवा टीसीपीने कारखान्याच्या सर्व्हरला पाठवतो. बोर्डला पिंग लागतं, लिंकचा दिवा हिरवा असतो, तरी खेपेची नोंद येत नाही. किंवा काही खेपांची येते, काहींची नाही. मग केबल बदलली जाते, कनेक्टर नव्याने क्रिम्प होतो, स्विच बदलला जातो. शेवटी कोणीतरी ईथटूलने (नेटवर्क कार्डाच्या सेटिंगचं साधन) चेकसम ऑफलोड, म्हणजे पॅकेटची तपासणी-बेरीज कर्नलऐवजी कार्डावर सोपवणं, बंद करतो, नोंदी सुरू होतात, ती ओळ स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये जाऊन बसते. पुढच्या हंगामात कर्नल बदलला किंवा इंटरफेसचं नाव बदललं की तक्रार पुन्हा हजर. काट्यावर आधीच काटामारीच्या संशयाचं वातावरण असतं. त्यात नोंदच गायब झाली तर शेतकऱ्याला ड्रायव्हरचं कारण कोण सांगणार?

मिरज-कुपवाड एमआयडीसीत असे बोर्ड बांधणारे, चिप-कंपनीने दिलेला ड्रायव्हर नव्या कर्नलवर आणणारे आणि नेटफिल्टरचे (कर्नलमधली पॅकेट गाळण्या-बदलण्याची यंत्रणा) छोटे मॉड्यूल लिहिणारे, यांच्यासाठी हे आहे. ऑफलोड बंद करणं निदानापुरतं ठीक. खरा दोष बहुतेक वेळा एकाच प्रश्नात सापडतो: हे पॅकेट या क्षणी ज्याच्या हातात आहे, त्याने बेरीज करायची होती, तपासायची होती, की नुसती पुढे द्यायची होती?

पिंगवर भरवसा का ठेवू नये

पिंग ज्यावर चालतं त्या आयसीएमपीची बेरीज पिंग प्रोग्राम किंवा कर्नल स्वतः सॉफ्टवेअरमध्ये करतो. पाठवताना कार्डाच्या ऑफलोडचा तिथे संबंधच येत नाही. टीसीपी आणि यूडीपीची बेरीज मात्र कर्नल कार्डावर सोपवतो. त्यामुळे पिंग लागलं याचा अर्थ एवढाच की वायर, एआरपी (आयपी पत्त्यावरून कार्डाचा पत्ता शोधणं) आणि आयपी हेडर ठीक आहेत.

आधी लांबीचा झाडा घ्या

कोड उघडण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट लिहा: बोर्डावरून सर्व्हरकडे १ बाइटापासून १६०० बाइटांपर्यंत प्रत्येक लांबीचं एकेक यूडीपी पॅकेट पाठवायचं आणि पलीकडे कोणत्या लांब्या पोचल्या नाहीत ते छापायचं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि अर्धं निदान त्यातच होतं.

सगळ्या लांब्या १४७२ पर्यंत गायब आणि १४७३ पासून अचानक पोचायला लागल्या, तर दोष पाठवणाऱ्याच्या ऑफलोडमध्ये आहे. १५०० च्या एमटीयूमध्ये (एका पॅकेटची कमाल लांबी) २० बाइट आयपीचे आणि ८ यूडीपीचे गेले की १४७२ उरतात. त्यापुढे पॅकेटचे तुकडे होतात, आणि तुकड्यांची बेरीज कार्डाला करता येत नाही म्हणून कर्नल ती स्वतः करतो. म्हणजे कार्डाचा हात लागला नाही तेव्हाच बेरीज बरोबर निघाली.

फक्त विषम लांब्या गायब: शेवटच्या एकट्या बाइटची गफलत. फक्त १८ बाइटांखालच्या गायब: इथरनेटचं पॅडिंग. एका ठरावीक लांबीच्या वरच्या सगळ्या गायब (तुकडे होईपर्यंत): कार्डाचा फिफो, म्हणजे पाठवण्याआधी पॅकेट साठवायची त्याची छोटी मेमरी. कोणताही नियम दिसत नाही, मधूनमधून एखादंच जातं: तेव्हा खरोखर केबल, स्विच किंवा मेमरीकडे बघा.

मोजणी कुठे बघायची

घेणाऱ्या यंत्रावर एनस्टॅट (कर्नलचे नेटवर्क काउंटर दाखवणारी कमांड) चालवा, पण नुसता नाही. नुसता एनस्टॅट मागच्या वेळेपासूनचा फरक दाखवतो आणि शून्य असलेल्या ओळी लपवतो. -एझेड दिलं की एकूण आकडे आणि शून्यंही दिसतात. टीसीपी, यूडीपी आणि आयसीएमपी या प्रत्येकाचा इन-सीसम-एरर्स नावाचा काउंटर वेगळा आहे. आयपी हेडरचा वेगळा. झाडा घेताना यूडीपीचा काउंटर चढत असेल तर पॅकेट पोचलंय आणि बेरीज चुकल्यामुळे टाकलं गेलंय, इथपर्यंत नक्की झालं.

काउंटर हलत नाही आणि नोंदही येत नाही, अशी स्थिती फसवी असते. दोन शक्यता. पहिली, कार्डानेच पॅकेट फेकून दिलं. त्यासाठी ईथटूलला मोठा एस देऊन ड्रायव्हरचे स्वतःचे काउंटर बघा. दुसरी, फायरवॉल. कॉनट्रॅक, म्हणजे जोडण्यांची नोंद ठेवणारा नेटफिल्टरचा भाग, चेकसम स्वतः तपासतो आणि चुकलेलं पॅकेट इनव्हॅलिड ठरवतो. इनव्हॅलिड टाकून देण्याचा नियम बहुतेक फायरवॉलमध्ये असतोच, म्हणून पॅकेट यूडीपीपर्यंत पोचतच नाही आणि काउंटर शून्यावरच राहतो. एनएफ_कॉनट्रॅक_लॉग_इनव्हॅलिड या सिसिटीएलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) टीसीपीसाठी ६, यूडीपीसाठी १७ किंवा सगळ्यांसाठी २५५ घातलं की लॉगमध्ये कारण येतं.

कर्नल ५.१७ पासून केफ्री_एसकेबी या ट्रेसपॉइंटमध्ये (कर्नलमधल्या मागोवा घ्यायच्या जागेत) पॅकेट टाकण्याचं कारणही येतं. तिथे टीसीपी_सीसम किंवा यूडीपी_सीसम असं स्पष्ट दिसतं. पर्फ या साधनाने तो ट्रेसपॉइंट पकडा.

टीसीपीडंप "इनकरेक्ट" म्हणतो तेव्हा

पाठवणाऱ्या यंत्रावरच टीसीपीडंप (पॅकेटं पकडून दाखवणारं साधन) लावला की बाहेर जाणारं जवळजवळ प्रत्येक पॅकेट इनकरेक्ट दिसतं. घाबरू नका. टीसीपीडंप पॅकेट कार्डाकडे जाण्याआधी बघतो, आणि तेव्हा चेकसमच्या जागी फक्त छद्म-हेडरची बेरीज भरलेली असते. छद्म-हेडर म्हणजे दोन्ही पत्ते, प्रोटोकॉल क्रमांक आणि लांबी.

ही भरलेली संख्या हाताने काढता येते आणि ती ओळखता येणं फार उपयोगी आहे. समजा बोर्ड १९२.१६८.१.१० आणि सर्व्हर १९२.१६८.१.२०. टाइमस्टँपसह नुसती पोच, म्हणजे ३२ बाइटांचं टीसीपी हेडर. दोन-दोन बाइटांचे शब्द: ४९३२०, २६६, ४९३२०, २७६, मग प्रोटोकॉलचे ६ आणि लांबीचे ३२. बेरीज ९९२२०. १६ बिटांत मावत नाही, म्हणून ६५५३६ वजा करून हातचा १ परत मिळवायचा: ३३६८५. हेक्समध्ये ८३९५. बोर्डावर टीसीपीडंप सगळ्या नुसत्या पोचपावत्यांना हेच ८३९५ दाखवेल, कारण यात मजकूर किंवा क्रमांक कुठेच नाहीत.

आता तीच पॅकेटं सर्व्हरवर किंवा स्विचच्या मिरर पोर्टवर पकडा. तिथेही ८३९५ च दिसलं तर जागा कोणीच भरली नाही: कर्नलने कार्डावर सोडलं आणि कार्डाने काहीच केलं नाही. वेगळी पण चुकीची संख्या दिसली तर कार्डाने बेरीज केली, पण भलत्याच गोष्टींची. आणि ९५८३ असं उलटं काही दिसलं, म्हणजे अपेक्षित संख्येचे दोन बाइट अदलाबदल झालेले, तर कोणीतरी तयार बेरजेवर पुन्हा बाइट-क्रम बदलणारं फंक्शन चालवलंय.

सर्व्हरवर पकडताना जीआरओ बंद ठेवा. जीआरओ अनेक टीसीपी पॅकेटं एकत्र जोडतो आणि जोडलेल्या पॅकेटवर पुन्हा छद्म-हेडरचीच बेरीज लिहून ठेवतो. ते बघून घेणाऱ्या बाजूलाही "इनकरेक्ट" दिसतं आणि माणूस भलत्याच वाटेला लागतो.

ईथटूलचा छोटा के सद्यस्थिती दाखवतो, मोठा के ती बदलतो. बोर्डावर टीएक्स (पाठवतानाचा ऑफलोड) बंद करून बघा, मग ते पूर्ववत करून सर्व्हरवर आरएक्स (घेतानाचा) बंद करून बघा. दोन्ही एकदम बंद करू नका, नाहीतर दोष कोणत्या बाजूचा ते कळणार नाही. टीएक्स बंद केलं की टीएसओही (मोठ्या टीसीपी पॅकेटचे तुकडे कार्डाने करणं) आपोआप जातो, हे लक्षात ठेवा. सुधारणा टीएसओ गेल्यामुळे झाली की चेकसममुळे, हे टीएसओ एकटा बंद करून वेगळं ठरवायचं.

चार खुणा

प्रत्येक पॅकेटच्या एसकेबीमध्ये, म्हणजे पॅकेट धरून ठेवणाऱ्या कर्नलच्या स्ट्रक्चरमध्ये, आयपी_सम्ड नावाची खूण असते. तिच्या चार किमती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांत त्यांचा अर्थ वेगळा. इन्क्लूड/लिनक्स/एसकेबफ.एच मधली त्यावरची लांबलचक टिपणी एकदा सावकाश वाचावी. चिप-कंपन्यांचे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी ती वाचलेली नसावी असं कोड बघून वाटतं.

चेकसम_नन: येताना "कार्डाने काही तपासलं नाही, तुम्ही तपासा", जाताना "बेरीज आधीच झालेली आहे किंवा लागत नाही, हात लावू नका". चेकसम_अननेसेसरी: कार्डाने बघितलं, बरोबर आहे. चेकसम_कम्प्लीट: कार्डाने बरोबर-चूक ठरवलं नाही, पूर्ण पॅकेटची कच्ची बेरीज सीसममध्ये दिली आहे. चेकसम_पार्शल: बेरीज अर्धी आहे, सीसम_स्टार्टपासून शेवटपर्यंत बेरीज करा, तिचा प्रत्येक बिट उलटा करा आणि सीसम_ऑफसेटच्या जागी लिहा. तो ऑफसेट टीसीपीसाठी १६, यूडीपीसाठी ६.

सीसम हे फील्ड आणि सीसम_स्टार्ट-सीसम_ऑफसेट ही जोडी मेमरीत एकाच जागेवर आहेत. खूण न बघता सीसममध्ये काही लिहिलं की पार्शल पॅकेटचा स्टार्ट आणि ऑफसेट गेलाच. घरी लिहिलेल्या मॉड्यूलमध्ये हा दोष पहिल्यांदा शोधा.

पाठवताना

ड्रायव्हरने नेटिफ_एफ_एचडब्ल्यू_सीसम जाहीर केलं म्हणजे त्याने कर्नलला शब्द दिला: सुरुवात कुठूनही सांगा, लिहायची जागा कुठलीही सांगा, मी करतो. पण स्वस्त चिप असं करत नाही. ती स्वतः पॅकेट उलगडून बघते: आयपीव्ही४ आहे का, आत टीसीपी किंवा यूडीपी आहे का. असेल तर बेरीज करते, नसेल तर तसंच सोडते. मग व्हीलॅनची खूण (एकाच वायरवर वेगळी नेटवर्कं करणारी) लागली, पीपीपीओई (ब्रॉडबँड लॉगिनचं जादा हेडर) आलं किंवा आयपीव्ही६ चं जादा हेडर आलं की ८३९५ सारखी अर्धवट संख्या थेट वायरवर जाते. फायबरची जोडणी पीपीपीओईवर असेल आणि बोर्डच ती लावत असेल, तर कार्यालयातल्या टेबलावर उत्तम चालणारा बोर्ड काट्यावर जाऊन गप्प बसतो, त्याचं हे एक कारण.

दुरुस्ती ट्रान्समिट फंक्शनमध्ये. खूण पार्शल आहे आणि पॅकेट चिपला झेपणारं नाही, तर एसकेबी_चेकसम_हेल्प बोलवा. शून्याशिवाय काही परत आलं तर पॅकेट सोडून द्या. हे डीएमए मॅपिंगच्या (पॅकेटची मेमरी कार्डाला वाचायला देण्याच्या) आधी झालं पाहिजे, आणि हेडरचे पॉइंटर त्यानंतर नव्याने घ्यायला हवेत, कारण क्लोन झालेल्या पॅकेटचा बफर हे फंक्शन बदलू शकतं. जीएसओचं (नंतर तुकडे करायचं मोठं) पॅकेट त्याला दिलं तर ते इशारा छापून चूक परत करतं. म्हणून एनडीओ_फीचर्स_चेकमध्येच अशा पॅकेटांसाठी चेकसम आणि जीएसओ दोन्ही वजा करणं जास्त नीट. मग कर्नल पॅकेट तुमच्याकडे येण्याआधीच सगळं करून देतो.

चिप छद्म-हेडरची बेरीज स्वतः करते का, हे डेटाशीटमध्ये बघा. करत असेल आणि चेकसमच्या जागी कर्नलने भरलेली संख्या तशीच ठेवली, तर छद्म-हेडर दोनदा मोजलं जातं. अशा चिपला ती जागा शून्य करून द्यावी लागते. टीएसओमध्ये उलटी गंमत: अनेक चिपना छद्म-हेडरची बेरीज लांबी वगळून हवी असते, कारण प्रत्येक तुकड्याची लांबी चिपच ठरवणार असते.

मोठीच पॅकेटं गळत असतील तर फिफो. चेकसम लिहायचा हेडरमध्ये, आणि बेरीज पूर्ण होते शेवटच्या बाइटला. म्हणजे पहिला बाइट वायरवर सोडण्याआधी अख्खं पॅकेट चिपच्या पोटात असायला हवं. चिप "पूर्ण साठवा, मग पाठवा" या पद्धतीत नसेल, किंवा फिफो पॅकेटपेक्षा लहान असेल, तर हेडर आधीच निघून गेलेलं असतं आणि बेरीज लिहायला जागाच उरत नाही. डिव्हाइस ट्रीमधली (बोर्डाच्या हार्डवेअरच्या वर्णन-फाइलमधली) फिफोची खोली आणि थ्रेशोल्डची नोंद तपासा. ती चिपला धरून असेल आणि तरी मोठी पॅकेटं मावत नसतील, तर त्या एमटीयूसाठी फिक्स_फीचर्समधून चेकसम काढून टाका. तिथे काढलं की टीएसओचाही हिशेब कर्नल स्वतः लावतो.

घेताना: "एचडब्ल्यू सीसम फेल्युअर"

डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ही ओळ दिसली की लोक पॅकेट खराब आलं समजतात. उलट आहे. हा इशारा तेव्हाच येतो जेव्हा खूण कम्प्लीट होती, कार्डाच्या बेरजेने पॅकेट चुकीचं ठरलं, मग कर्नलने स्वतः बेरीज केली आणि ती बरोबर निघाली. पॅकेट चांगलं आहे; खोटं पडलं ते सीसममधलं मूल्य. एकतर कार्डाने चुकीचं दिलं, किंवा मध्ये कोणीतरी पॅकेट कापलं-जोडलं आणि बेरीज दुरुस्त केली नाही. नव्या कर्नलमध्ये हा इशारा एकदाच छापला जातो. दुरुस्ती केल्यावर "आता येत नाही" म्हणून खूश होण्याआधी यंत्र रीबूट करा.

कम्प्लीटचा व्यवहार काट्यासारखाच आहे: भरल्या गाडीतून दोन मोळ्या उतरवल्या तर गाडी पुन्हा काट्यावर घालायची गरज नाही, मोळ्यांचं वजन वजा केलं की झालं, पण वजा केलंच पाहिजे. पॅकेटच्या पुढून व्हीलॅनचे ४ किंवा पीपीपीओईचे ८ बाइट काढताना साधं एसकेबी_पुल वापरलं की वजाबाकी राहून जाते. एसकेबी_पुल_आरसीसम वापरा. आधीच काढून झालं असेल तर एसकेबी_पोस्टपुल_आरसीसम, पुढे नवं हेडर लावलं असेल तर एसकेबी_पोस्टपुश_आरसीसम. शेपटीकडून कापताना पीएसकेबी_ट्रिम_आरसीसम. चिपच्या बेरजेत शेवटचे ४ एफसीएस (इथरनेट फ्रेमच्या स्वतःच्या तपासणीचे) बाइट धरले असतील तर तेही वजा, आणि पॅकेटची लांबी विषम असेल तर साध्या वजाबाकीने नाही, सीसम_ब्लॉक_सबने.

पॅडिंगचा त्रास जास्त चिवट. एफसीएस सोडून इथरनेटची फ्रेम किमान ६० बाइटांची लागते. १४ बाइट इथरनेट हेडरचे, २० आयपीचे, ८ यूडीपीचे, उरले १८. "के१,९९९०" एवढाच मजकूर पाठवला तर उरलेली जागा पाठवणारा भरतो. बहुतेक यंत्रं शून्यं भरतात. शून्यं मोजली काय, न मोजली काय, बेरीज तीच. एखादं जुनं उपकरण तिथे बफरमधला कचरा सोडतं, आणि मग चिपने पॅडिंग मोजलंय की नाही यावर सगळं ठरतं. म्हणून एकाच स्विचवरच्या दहा उपकरणांपैकी एकाच्याच पॅकेटवर इशारा येतो. २०१८ मध्ये पीएसकेबी_ट्रिम_आरसीसम बदलला: पूर्वी तो कापताना कार्डाची बेरीज सोडून द्यायचा, आता कापलेला भाग वजा करून ती टिकवतो. त्यानंतर वर्षानुवर्षं झाकलेले ड्रायव्हरचे दोष उघडे पडले; "जुन्या कर्नलवर चालत होतं" या तक्रारीमागे कधीकधी हेच असतं. ड्रायव्हरमध्ये ६० किंवा त्याहून कमी बाइटांच्या फ्रेमला सरळ चेकसम_नन लावा. एवढ्याशा पॅकेटची बेरीज सॉफ्टवेअरमध्ये करायला काहीच पडत नाही.

अननेसेसरी लावताना हात आखडता घ्या. चिपने त्याच पॅकेटच्या टीसीपी-यूडीपी बेरजेवर शिक्का मारला असेल तरच. फक्त आयपी हेडर तपासलं असेल, पॅकेट तुकडा असेल किंवा चिपला प्रोटोकॉलच कळला नसेल, तर नन. आणि चिप चूक म्हणाली तरी ड्रायव्हरने पॅकेट फेकू नये. नन लावून वर पाठवावं. चिप चुकत असेल तर कर्नल पॅकेट वाचवेल, खरंच खराब असेल तर काउंटरमध्ये नोंद करून टाकेल. २०१५-१६ च्या सुमारास वीएथमध्ये (कंटेनरला जोडणाऱ्या आभासी कार्डामध्ये) दुरुस्त झालेला दोष याच जातीचा होता: तो ननचं अननेसेसरी करून टाकायचा, आणि वाटेत बिघडलेला मजकूर कंटेनरमधल्या प्रोग्रामला बिनतपासणी मिळायचा. पॅकेट हरवलं तर टीसीपी पुन्हा पाठवतो; बिघडलेलं पॅकेट खरं मानलं तर डेटाबेसमध्ये चुकीचं वजन बसतं. दोन्हींत दुसरं कितीतरी वाईट.

रिकाम्या गाडीची नोंद जाते, भरलेलीची नाही

मजकुराच्या शेवटी वजन किलोत असेल तर ९९९० ला चार अंक आणि १०००० ला पाच. रिकामा ट्रॅक्टर-ट्रॉली दहा टनांच्या आत, भरलेला वर. उरलेला मजकूर तेवढाच असेल तर एका अंकाने लांबी समची विषम होते. ड्रायव्हरमध्ये किंवा मॉड्यूलमध्ये हाताने लिहिलेला बेरजेचा लूप असेल, तर इथे तो पकडला जातो.

विषम लांबीत शेवटच्या बाइटच्या उजवीकडे शून्य आहे असं धरायचं. लिटल-एंडियन (शब्दाचा खालचा बाइट आधी ठेवणाऱ्या) एआरएमवर तो बाइट जसाच्या तसा मिळवायचा, बिग-एंडियनवर ८ बिट डावीकडे सरकवून. एका यंत्रावरचा लूप दुसऱ्यावर नेला की इथेच मोडतो. दुसरी जागा म्हणजे तुकड्यांची बेरीज. पहिला तुकडा ७ बाइटांचा असेल तर दुसऱ्या तुकड्यातला पहिला बाइट शब्दाच्या दुसऱ्या अर्ध्यात पडतो. दोन बेरजा नुसत्या सीसम_ॲडने मिळवल्या तर दुसरीचे बाइट उलटे बसतात. सीसम_ब्लॉक_ॲड वापरा आणि तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये आतापर्यंतची लांबी द्या. ती विषम असेल तर फंक्शन बाइट फिरवून घेतं.

खरं तर हाताने लूप लिहूच नका. सीसम_पार्शलने ३२ बिटांची कच्ची बेरीज, सीसम_टीसीपीयूडीपी_मॅजिकने छद्म-हेडर धरून शेवटची १६ बिटांची, आणि ती जशी येते तशी हेडरमध्ये लिहायची. एनटीओएचएस-एचटीओएनएस ही बाइट-क्रम बदलणारी फंक्शनं कुठेही नकोत: या बेरजेला बाइट-क्रमाचा फरक पडत नाही, शब्द उलटे वाचले तर उत्तरही उलटंच येतं आणि लिहिताना सरळ होतं. कच्च्या आणि घडी घातलेल्या (हातचा मिळवून १६ बिटांत आणलेल्या) बेरजेचे टाइप वेगळे आहेत ते याचसाठी; कर्नल बिल्डला सी=२ देऊन स्पार्स (कोड तपासणारं साधन) चालवला की अशी सरमिसळ तो दाखवून देतो.

पॅकेटमधलं एखादंच फील्ड बदलताना

पत्ता किंवा पोर्ट बदलणारं मॉड्यूल पूर्ण पॅकेट पुन्हा मोजत नाही. १९९४ च्या आरएफसी १६२४ (इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज) चं सूत्र: जुना चेकसम उलटा करा (६५५३५ मधून वजा), जुनी किंमत उलटी करून मिळवा, नवी मिळवा, शेवटी सगळं उलटं करा. चेकसम २००००, पोर्ट ५००० चा ६००० करायचा: ४५५३५ अधिक ६०५३५ अधिक ६००० म्हणजे ११२०७०, घडी घालून ४६५३५, उलटं केलं की १९०००. पोर्ट १००० ने वाढला, चेकसम १००० ने उतरला.

१९९० च्या आरएफसी ११४१ मधलं सूत्र दिसायला सोपं, पण शून्यापाशी चुकतं. चेकसम ५६६२३, जुनी किंमत २१८४५, नवी १२९३३ घेतली तर योग्य उत्तर ० आहे. जुन्या सूत्राने ६५५३५ येतं. नुसती बेरीज करून तपासणारा दोन्ही मान्य करतो, नव्याने काढून तुलना करणारा नाही. यूडीपीत मात्र ० म्हणजे "चेकसम लावलेलाच नाही". म्हणून यूडीपीत उत्तर ० आलं तर ६५५३५ लिहायचं, आणि आधीच ० असेल तर त्याला हातच लावायचा नाही.

हा दुसरा नियम कर्नलच्या नॅटमध्येही (पत्ते बदलणाऱ्या भागातही) चुकला होता आणि २०२० मध्ये दुरुस्त झाला. व्हीएक्सलॅनचा बोगदा एक पॅकेट दुसऱ्या यूडीपी पॅकेटात गुंडाळतो; त्या बाहेरच्या यूडीपीचा चेकसम ०, आतल्या पॅकेटमुळे खूण पार्शल. खूण बघून नॅटने त्या शून्यातच फरक मिळवला आणि वायरवर खोटा चेकसम गेला. अशा बोगद्यातून जोडणी एका मिनिटाने लागते, कारण टीसीपीचे पुनर्प्रयत्न १, २, ४, ८, १६, ३२ करत ६३ सेकंदांवर पोचतात.

हाताने करायचं तर इनेट_प्रोटो_सीसम_रिप्लेस४ वापरा. ते खूण बघून वागतं. शेवटचं आर्ग्युमेंट पत्त्यासाठी खरं, पोर्टसारख्या हेडरमधल्या फील्डसाठी खोटं. पार्शल पॅकेटमध्ये चेकसमच्या जागी फक्त छद्म-हेडर आहे, त्यात पोर्ट नाहीच. पोर्टसाठी खरं दिलं तर कार्ड पुढे तो दुसऱ्यांदा मोजतं. त्याआधी एसकेबी_एन्शुअर_रायटेबल, नाहीतर दुसऱ्याच्या क्लोनमध्ये लिहिलं जाईल.

व्हर्च्युअल मशीनमध्ये डीएचसीपी मिळत नसेल

एकाच यंत्रातून दुसऱ्या मशीनला जाणारं पॅकेट वायरवर जातच नाही, म्हणून पार्शल खुणेसह तसंच पोचतं. जुना डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ता मिळवणारा) क्लायंट रॉ पॅकेट वाचून स्वतः चेकसम तपासतो आणि उत्तर फेकून देतो. क्लायंट नवा करा. ते शक्य नसेल तर मँगल टेबलच्या पोस्टराउटिंगमध्ये यूडीपी पोर्ट ६८ साठी चेकसम-फिलचा नियम घाला.

दुरुस्ती पक्की झाली का

पाठवणाऱ्या यंत्रावर नेटएम (मुद्दाम बिघाड घडवणारं साधन) लावून करप्ट १ टक्का द्या. तो पॅकेटमधला एखादा बिट उलटवतो, आणि खूण पार्शल असेल तर आधी सॉफ्टवेअरमध्ये बेरीज पूर्ण करून मगच बिघडवतो, त्यामुळे कार्ड पुढे बेरीज नव्याने करून बिघाड लपवू शकत नाही. घेणाऱ्या बाजूला इन-सीसम-एरर्स चढायला हवा आणि प्रोग्रामला एकही बिघडलेली नोंद मिळता कामा नये. काउंटर शून्य आणि बिघडलेल्या नोंदी येतायत, म्हणजे ड्रायव्हर डोळे मिटून अननेसेसरी लावतोय. विषम लांबी, ६० बाइटांखालची फ्रेम, व्हीलॅनची फ्रेम आणि पूर्ण १५०० बाइटांचं पॅकेट, चारही प्रकार वेगवेगळे चालवा. मग नेटएम काढून लांबीचा झाडा पुन्हा घ्या: १ ते १६०० सगळ्या लांब्या पोचल्या पाहिजेत, काउंटर जागेवर राहिला पाहिजे, आणि हे सगळं ऑफलोड चालू ठेवून.